सावध चालक, तरीही महाग विमा

अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना मोटार विम्याचा पहिला हप्ता अनेकदा बुचकळ्यात टाकतो. भारतात वर्षानुवर्षे अपघाताविना गाडी चालवलेली असते. परंतु तेथील बहुतेक राज्यांत विमा कंपन्या चालकाची आर्थिक पतही पाहतात, आणि नवागताच्या कर्जफेडीची तेथे नोंदच नसते. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स व हवाई येथे मात्र या प्रथेस मज्जाव आहे. कॅलिफोर्नियात १९८८च्या जनमताने चालकाची वाहतूक-नोंद, वर्षभरातील प्रवास आणि अनुभव यांना प्राधान्य मिळाले.

अन्यत्र क्रेडिट अहवालामुळे हप्ता वाढल्यास तसे कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. ती सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत अहवाल विनामूल्य मागवता येतो. तो बारकाईने तपासावा, चूक आढळल्यास दुरुस्त करून घ्यावी आणि मगच हप्त्याचा फेरविचार मागावा.