बर्फ आधी, ॲम्ब्युलन्स नंतर

राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली आणि गावोगावचे डांबरी रस्ते पहाटेच्या अंधारात धावू लागले. जागा किती, आरक्षण कसे, लेखी कधी, याची चर्चा टपरीटपरीवर होते. ‘ग्राउंड’वर शरीराचे नेमके काय होते, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

मुलांसाठी १६०० मीटर. ‘आउट ऑफ’, म्हणजे २० पैकी २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंद. चारशे मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. धाव वेगाची दिसते, पण एवढ्या वेळेच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ८० टक्के वाटा श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या जोरावर तयार होतो. म्हणून या धावेचा पाया सावकाश, बोलत बोलत धावता येईल अशा लांब पळण्यात आहे. जोरकस फेऱ्या आठवड्यातून दोनदा पुरतात. आपल्याकडे मात्र रोज सकाळी घड्याळ लावून ‘टायमिंग’ काढायची सवय आहे. त्यातून दम वाढण्याऐवजी नडगी दुखू लागते. दुखणे अंगावर काढले की हाडाला बारीक चीर जाते आणि भरतीच्या तोंडावर पोरगा घरी बसतो.

नडगी बरी होते. गेलेला जीव परत येत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावेत उमेदवार मृत्युमुखी पडले. पुढे अंतर कमी होत १६०० मीटरवर आले. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर राहिले. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत पुरुषांना तासाभरात १० किलोमीटर पळायचे होते. तिथे दहाहून अधिक तरुण गेले आणि नंतर तिथल्या सरकारनेही अंतर घटवले. अंतर कमी केले हे चांगलेच झाले. पण कोणी कोसळलाच तर पहिल्या अर्ध्या तासात मैदानावर काय करायचे, हा प्रश्न तिथेच राहिला.

याचे उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथ गावात सापडते. तिथली ऑगस्टमधली शर्यत जेमतेम सव्वाअकरा किलोमीटरची, पण दमट हवा आणि जोरात पळण्याची ईर्षा यामुळे उष्माघात ठरलेला. शर्यतीच्या वैद्यकीय तंबूतल्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्माघाताचे २७४ धावपटू निघाले. त्यांतला एकही दगावला नव्हता. कारण तिथे कोसळलेल्या माणसाला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवतात आणि अंग थंड झाल्यावरच पुढे पाठवतात. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की अर्ध्या तासात ते उतरवावे लागते. ॲम्ब्युलन्स गर्दीतून वाट काढेपर्यंत तोच अर्धा तास निघून जातो.

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. टब नसेल तर ताडपत्री चालते. चौघांनी चार कोपरे उचलून धरायचे, मध्ये माणूस, त्यावर पाणी आणि बर्फ, आणि ते सतत हलवत राहायचे. कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी सापडेल अशी ताडपत्री आणि मासळी बाजारातल्या बर्फाच्या लाद्या जीव वाचवू शकत असतील, तर त्या प्रत्येक भरतीच्या मैदानावर असायलाच हव्यात.

आणखी एक धोका खास आपल्या मातीतला आहे आणि त्याबद्दलचे मौन सर्वांत जास्त खटकते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो शेतात राबतो, खेळतो, त्याला काही त्रास नसतो. पण सुरुवातीपासून जीव तोडून धावले, वर ऊन असले आणि पाणी कमी पडले, तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. हे पहिल्या काही मिनिटांतही घडते. म्हणजे १६०० मीटरसुद्धा त्याला पुरेसे आहे. उष्माघात झालेला माणूस भ्रमिष्ट होतो. हा मात्र शुद्धीवर असतो, बोलतो आणि ‘पायात बळच नाही’ म्हणतो. नेमके तेव्हाच बाहेरून ‘ऊठ, थांबू नको’ असा ओरडा होतो आणि तो जिवावर बेततो.

अमेरिकेत राइस विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू डेल लॉइड २००६ मध्ये याच कारणाने गेला. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम २०१० पासून लागू केला. पुढे २०१६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहकांत स्नायू झिजून रक्तात उतरण्याचा धोका दीडपट होता, मृत्यूचा धोका मात्र इतरांपेक्षा जास्त नव्हता. त्या लष्करात पाणी, विसावा, हळूहळू वाढणारा सराव हे नियम सर्वांनाच लागू होते. त्यामुळे वाहक तरुणांना भरतीतून वगळण्याचा विचारही कोणी करू नये. गडचिरोलीच्या मुलामुलींना वर्दीचा तितकाच हक्क आहे. त्यांना फक्त आपला रक्ताचा अहवाल माहीत हवा आणि मैदानावरच्या शिट्टीवाल्याला खुणा ओळखता यायला हव्यात.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले होते. ही तपासणी आदिवासी भागातल्या प्रत्येक भरती अकादमीच्या दारात पहिल्याच आठवड्यात का होऊ नये?

राहिली उन्हाची सवय. शरीराला ती लागायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, नाडी खाली येते. पहाटेच्या गारव्यात सहा महिने घासलेला मुलगा भर उन्हात रांगेत तास काढून धावला, तर त्याच्या शरीराला हे सगळे नवेच असते. त्यात आदली रात्र परक्या शहराच्या फुटपाथवर गेलेली, आणि पोट बिघडू नये म्हणून सकाळपासून पाणीही टाळलेले.

भरतीला निघालेल्या प्रत्येकाने शेवटचे दोन आठवडे थोडा सराव उन्हात करावा, ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी पळू नये आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पोलीस अधीक्षकांनी मैदान आखून घेताना चुन्याच्या यादीतच ताडपत्री आणि बर्फ लिहावा.