बेचाळीस मीटरवरचा आवाज

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात आमच्या बऱ्हाणपुरात दोन दिवस वीज नव्हती. तापी दुथडी भरून वाहत होती, मोबाईलचे मनोरे मुके झाले होते आणि राजघाटावर पाणी कोठवर चढले एवढे कळण्यासाठीसुद्धा कोणास तरी सायकलवर धाडावे लागत होते. पाणी ओसरून शाळा भरली तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, टॉवर बंद पडले की सरकार तरी कोणाशी कसे बोलते?"

मी त्याला हौशी रेडिओविषयी सांगितले. जगभर 'हॅम' या नावाने ओळखली जाणारी ही मंडळी परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवतात आणि घरच्या लहानशा ट्रान्समीटरवरून परस्परांशी बोलतात. त्यांना मनोऱ्याची गरज नसते; मोटारीची एक बॅटरी आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तार पुरते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारचा संपर्क तोडला, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होत्या. त्या बेटांवर हौशी केंद्रास कित्येक वर्षे परवानगी नव्हती. ती त्या महिन्यात खास प्रयत्नाने मिळाली होती. त्यांच्या संचावरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांना कळू लागली.

मुलगा चौकस. त्याने लगेच विचारले, "आणि दंगल झाली, सरकारनेच इंटरनेट बंद केले, तर हे लोक बोलतात का?"

परवान्याच्या अटीच सांगायच्या तर उत्तर सोपे आहे. राजकीय मजकूर प्रक्षेपित करण्यास हौशी केंद्राला मनाई असते. परंतु एवढे सांगून त्याची बोळवण करणे मला प्रशस्त वाटेना. मी त्याला १९४२ सालची हकीकत सांगितली.

दुसरे महायुद्ध पेटताच १९३९ मध्ये इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द करून ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम काढले. पण संच जमा करून घेता येतो, विद्या जमा करून घेता येत नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी या तरुणांनी गुप्त रेडिओ काढण्याचे ठरविले. त्यांना नरिमन प्रिंटर हा जाणकार हौशी तंत्रज्ञ मिळाला. थोड्याच दिवसांत ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कोठून तरी, 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. ही लहरलांबी हौशी मंडळींच्या चाळीस मीटर पट्ट्यातलीच, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. डॉ. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते त्यामागे उभे होते. पोलिसांच्या शोधगाड्या लहरींचा माग काढीत फिरत, म्हणून बिऱ्हाड सारखे हलवावे लागे; आज चौपाटी, उद्या गिरगाव.

या रेडिओने चिमूर आणि आष्टी येथील हकीकत साद्यंत सांगितली. १६ ऑगस्टला तेथे जमावाच्या हातून सरकारी माणसे मारली गेली होती. त्यानंतर आलेल्या फौजेने आणि पोलिसांनी चिमूरमध्ये, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांची वार्ता दडपली जात होती. ही दोन्ही गावे तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होती. आमचे बऱ्हाणपूरही निमाड जिल्ह्याचा भाग म्हणून त्याच प्रांतात, नागपूर राजधानीच्या अमलाखाली होते. म्हणजे आपल्याच प्रांतात काय घडले हे आमच्या वाडवडिलांना ऐकायचे तर मुंबईतील एका चोरट्या ट्रान्समीटरकडे कान लावावा लागत होता! रेडिओसंच त्या वेळी मोजक्याच घरी असत हे खरे. पण ऐकलेली गोष्ट ओसरीवर थांबत नाही.

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री गिरगावातल्या पारेखवाडीत चालू प्रक्षेपणातच धाड पडली. पोलिसांच्या हाती लागलेल्या प्रिंटर यांनीच जागा दाखविली, असे उषाताई पुढे सांगत. त्याबद्दल त्यांना दूषणे देणे सोपे आहे. मात्र त्यांच्या हातांवाचून तो आवाज निघालाच नसता, हेही विसरता येत नाही. धाड पडली तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी लागली होती. ती थांबविण्याचा पोलिसांचा हुकूम त्या तरुणांनी मानला नाही. खटल्यात बाबूभाईंना पाच वर्षांची, उषाताईंना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची सजा झाली.

आवाज बंद पडला त्याच सुमारास प्राध्यापक भन्साळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण आरंभिले. ते त्रेसष्ट दिवस चालले. त्याची वार्ता छापण्यास बंदी होती, आणि ती सांगायला आता ४२.३४ मीटरवर कोणी नव्हते.

मुलगा ऐकत होता. तास संपल्याची घंटा झाली तरी तो उठला नाही. मग त्याने परवान्याच्या परीक्षेला किती वय लागते ते विचारले. बारा वर्षे पूर्ण असली की पुरते, असे मी त्याला सांगितले.