तपासण्या निर्दोष, तरी पोटाची तक्रार

सर्व तपासण्या निर्दोष आल्या, तरी जेवणानंतर पोटात कळ येते, पोट फुगते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते, अशी व्यथा अनेक जण आमच्यापाशी बोलून दाखवतात. घरच्यांना ती मनाची समजूत वाटते. वस्तुतः तसे नाही. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, या विकारात आतडे दिसायला निरोगी असते. परंतु त्याची हालचाल आणि मेंदूशी चालणारा त्याचा संवाद बिघडलेला असतो. त्यामुळे थोड्याशा वायूचा ताणही वेदना होऊन जाणवतो.

बहुतेक रुग्ण आपल्या मनाने एकेक पदार्थ सोडत जातात. अखेरीस ताटात वरणभात तेवढा उरतो (आणि वरणातील डाळही काहींना सोसत नाही!), अशक्तपणा येतो, लग्नाच्या पंगतीला जाणेही नकोसे होते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी विकसित केलेल्या ‘लो फॉडमॅप’ आहारात मात्र पथ्याला मुदत आहे. लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू निर्माण करणारी कर्बोदके कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, आंबा यांत असतात. हे पदार्थ फार तर ६ आठवडे वर्ज्य करावयाचे. त्यानंतर एकेक पदार्थ ३ दिवस, वाढत्या प्रमाणात खाऊन पाहावयाचा आणि जो सोसेल तो ताटात परत आणावयाचा. नेमका हाच टप्पा बहुतेकांकडून राहून जातो. म्हणून आहारतज्ज्ञाची सोबत असावी.

लसणावाचून कालवण कसले, असे आमच्या भगिनी विचारतील. लसणातील त्रासदायक घटक पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तेव्हा पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. स्वाद तेलात राहतो. पातीच्या कांद्याचा हिरवा भागही चालतो. इसबगोल बहुधा उपकारक ठरते, गव्हाचा कोंडा मात्र त्रास वाढवू शकतो.

प्रोबायोटिकच्या महागड्या पुड्यांविषयी तज्ज्ञांतच मतभेद आहेत. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली संशोधनाबाहेर त्यांची शिफारस केली नाही. ब्रिटिश तज्ज्ञांनी २०२१ साली १२ आठवड्यांपर्यंत घेऊन पाहावे, गुण न आल्यास थांबवावे, असे सांगितले. घरचे दही उत्तम अन्न आहे. पण त्यातील जिवाणू घरोघरी वेगळे, म्हणून त्याला औषध मानू नये.

गहू सोडण्यापूर्वी सीलिअॅक रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी. नंतर ती फसवी ठरू शकते. शौचातून रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार असल्यास पथ्य बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.