रिझर्व्ह लागलं, पण कॉक कुठाय?

खापरहून अक्कलकुव्याला निघालात आणि बाइक मध्येच भकभक करायला लागली, तर? जुनी बाइक असेल तर हात आपोआप खाली जातो, कॉक रिझर्व्हवर. तरीही नाही भागलं, तर ढकलत पंप गाठायचा. चार जण हसतात, बस्स!

'टेक मी होम, कंट्री रोड्स'वाल्या जॉन डेन्व्हरला ही सोय नव्हती. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेजवळ त्याचं छोटं लाँग-ईझी विमान समुद्रात कोसळलं. टाक्या दोन. एकीवरून दुसरीवर जायचा कॉक मूळ डिझाइनमध्ये पायांच्या मध्ये, याच्या विमानात मात्र डाव्या खांद्यामागे! तो फिरवायला मागे वळताना पायाने रडर दाबला गेला, असं तपासात म्हटलं गेलं. गेजही मागेच, ते दिसावेत म्हणून मेकॅनिकने त्याला आरसा दिला होता, राव! इंधन भरू का, असंही विचारलं. तासभरच उडायचंय, नको, म्हणाला.

नवखा नव्हता हो. २,७०० तासांहून जास्त उड्डाण केलेलं. हे विमान मात्र आदल्याच दिवशी हातात आलेलं.

छोट्या विमानांचे पायलट आजही उडण्याआधी टाकीत काडी बुडवून बघतात. आपण झाकण उघडून बाइक हलवतो ना, तसंच.