फलकावरचा नंबर आणि लेकीचं कॉलेज

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की आपल्या शहरात दोन गोष्टींना ऊत येतो. एक म्हणजे पेढ्यांना आणि दुसरी कॉलेजांच्या फलकांना. क्रांती चौकात रिक्षा थांबली की मान वर करायची खोटी, ‘राज्यात पहिल्या दहांत’, ‘मराठवाड्यात अव्वल’, ‘नॅकची ए श्रेणी’ अशी अक्षरं समोर हजर! त्यांच्याखाली पदवीची टोपी घातलेली एक हसरी मुलगी असतेच. ही मुलगी नेमकी कुठल्या कॉलेजात शिकली हे मला आजवर कळलेलं नाही, कारण ती बहुतेक फलकांवर तीच असते.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असती तर मी लिहायला बसलेच नसते. पण या फलकावर विश्वासून माझ्या धाकट्या जावेनं २०२१ साली हातातल्या पाटल्या मोडल्या.

आमचे धाकटे दीर वैजापूर तालुक्यात शेती करतात. थोरली मुलगी अभ्यासात चांगली, इंजिनिअर व्हायचं तिच्या मनात. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात तिला जागा मिळत होती. पण शहराबाहेरच्या एका नव्या कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘राज्यात पहिल्या दहांत’ असं ठळक छापलेलं. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, घालायचंच आहे तर नंबरातल्या कॉलेजात घालू.” मीही मान डोलावली. आज कबूल करते, तो नंबर कुणी दिला हे विचारायचं मला सुचलंच नाही. भाजी घेताना आपण चार वांगी हातात घेऊन दाबून बघतो. इथं लाखांचा व्यवहार होता, आणि आम्ही माहितीपत्रकाचा गुळगुळीत कागद तेवढा बघितला.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस पोरगी माझ्याकडे येऊन रडली. वर्कशॉपमधल्या दोन मशीनांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. प्राध्यापकांच्या यादीत असलेली काही नावं तिनं वर्षभरात वर्गात कधी पाहिलीच नव्हती. मात्र ‘कमिटी’ येणार म्हटल्यावर आठ दिवसांत भिंतींना रंग लागला, भाड्यानं आणलेल्या कुंड्या दारात आल्या, आणि मुलींना साड्या नेसवून ओवाळायला उभं केलं. यादीतली ती न दिसलेली माणसंही त्या दोन दिवसांत हजर झाली! मग मी त्या ‘पहिल्या दहां’चा शोध घेतला. यादी एका खासगी मंडळीची होती. पैसे भरून अर्ज केलेल्या कॉलेजांतूनच त्यांनी नंबर काढले होते.

हे मी आमच्या भिशीत सांगितलं तेव्हा एकीनं लगेच निकाल देऊन टाकला, “अहो, सगळं राजकारण आहे. ज्याचं सरकार, त्याच्या कॉलेजचा नंबर वर!” सगळ्याजणींनी माना हलवल्या. मलाही ते तेव्हा पटलं. पण नंतर थोडं वाचलं, विचारलं, आणि लक्षात आलं की राजकारण आहे खरं, पण आपण समजतो त्या दारानं ते आत येत नाही.

आधी हे नंबर देतं कोण ते बघू या. ‘नॅक’ ही १९९४ साली स्थापन झालेली संस्था बंगलोरात आहे. ती नंबर देत नाही, श्रेणी देते, आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी. ‘एनआयआरएफ’ ही केंद्र सरकारची क्रमवारी. तिची पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये आली. तिसरा प्रकार मासिकांच्या आणि खासगी मंडळींच्या याद्यांचा. ज्या अंकात यादी, त्याच अंकात यादीतल्या कॉलेजांच्या पानपानभर जाहिराती असाव्यात, हा योगायोग तुम्हीही पाहिला असेल. फलक रंगवणारा या तिन्हींत काही फरक करत नाही. त्याला काय, अक्षरं मोठी काढायची!

आता सरकारी यादीवरचा आरोप. २०१६ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या जेएनयूवरून केवढं रान पेटलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. त्याच्या आधी जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाच्या मृत्यूनं देश हादरला होता. दोन्ही विद्यापीठांचं आणि सरकारचं उघड वाकडं. आणि दोनच महिन्यांनी सरकारच्याच यादीत विद्यापीठांमध्ये जेएनयू तिसरं आणि हैदराबाद चौथं! दुसऱ्या क्रमांकावर आपल्या मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था होती. तेव्हा ‘मंत्र्यानं फोन केला आणि नंबर बदलला’ इतकं हे सोपं नाही, हे मानायला हवं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही सरकारची वकिली करतेय. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं सहा संस्थांना ‘श्रेष्ठ संस्था’ असा खास दर्जा जाहीर केला. त्यांत मुंबईची आयआयटी होती, बंगलोरची विज्ञान संस्था होती, आणि जिओ इन्स्टिट्यूटही होती, जिची तोवर इमारत नव्हती, वर्ग नव्हता, एक विद्यार्थी नव्हता. लग्न ठरायच्या आधीच बारशाचे पेढे! ओरड झाली तेव्हा खुलासा आला, की नव्यानं उभ्या राहणाऱ्या संस्थांसाठी वेगळा गट होता, निवड माजी मुख्य निवडणूक आयुक्त गोपालस्वामी यांच्या समितीनं केली, आणि सध्या दिलं आहे ते फक्त इरादापत्र. नियमात ते बसत असेलही. उलव्याला त्या संस्थेचे वर्ग २०२२ मध्ये सुरूही झाले. पण ज्या नियमात न जन्मलेलं मूल गुणवत्ता यादीत येतं, तो नियम कुणी आणि कुणासाठी केला असं लोकांनी विचारलं, तर त्यांचं काय चुकलं?

नॅकची कहाणी तर अधिकच क्लेशाची. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन तिच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. काही संस्था गैरमार्गानं श्रेणी मिळवत आहेत अशी शंका त्यांनी बोलून दाखवली, चौकशी मागितली आणि मार्च २०२३ मध्ये पद सोडलं. पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं तपासणी समितीचे अध्यक्ष, काही सदस्य आणि आंध्रातल्या एका संस्थेचे पदाधिकारी अशा दहा जणांना अटक केली. ‘ए प्लस प्लस’ श्रेणीसाठी रोकड, सोनं, मोबाइल, लॅपटॉप दिल्याघेतल्याचा आरोप. खरंखोटं न्यायालय ठरवील. मला मात्र त्या भाड्याच्या कुंड्या आठवल्या.

एनआयआरएफमध्ये बहुतेक माहिती कॉलेज स्वतःच भरून देतं. किती प्राध्यापक, पुस्तकांवर किती खर्च, किती मुलांना नोकऱ्या, सगळं आपलं आपण लिहायचं. आपल्याच हातानं आपलं प्रगतिपुस्तक भरायला मिळालं तर काय होईल, हे कुठल्याही आईला सांगायला नको. ही माहिती नीट तपासली जात नाही अशी तक्रार घेऊन एक याचिका मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढं गेली, आणि मार्च २०२५ मध्ये यादीला काही काळ स्थगितीही मिळाली. अखेर ती ४ सप्टेंबरला जाहीर झाली. आणि हे काही आपल्याकडंच आहे असं नाही हं. २०२२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गणिताच्या एका प्राध्यापकानं स्वतःच्याच विद्यापीठानं दिलेले आकडे तपासून ते चुकीचे असल्याचं दाखवलं. दुसऱ्या क्रमांकावरचं विद्यापीठ एकदम अठराव्यावर आलं.

मग महाराष्ट्रातलं राजकारण कुठं आहे? ते कॉलेजच्या फाटकावर आहे, मैत्रिणींनो, संस्थापकांच्या नावाच्या पाटीवर. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. तालुक्यातालुक्यांतल्या पुढाऱ्यांनी संस्था काढल्या आणि ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत रुळला. देणग्यांचा असा सुळसुळाट झाला, की त्या बंद करण्यासाठी १९८७ मध्ये कायदा करावा लागला. या कॉलेजांना सरसकट नावं ठेवणं मात्र मला मान्य नाही. ती निघाली नसती तर लातूर-बीडकडच्या कितीतरी मुली इंजिनिअर झाल्या नसत्या. पण आमदार, खासदार, मंत्री ज्या संस्थेचा अध्यक्ष, तिथं आकडे खोटे आहेत असं म्हणायची हिंमत कुणी करायची? तिथल्या प्राध्यापकानं? त्याची नोकरी तिथंच. पालकानं? त्याची मुलगी तिथंच. फोन करावाच लागत नाही, सगळे आधीच गप्प असतात.

आणखी एक राजकारण आहे, ते कशाला किती गुण द्यायचे यातलं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. निजामाच्या राजवटीत आपल्याकडच्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे, आणि दलित मुलांना तर गावची शाळाच दूर. त्या मुलांसाठी नागसेनवनात हे कॉलेज उभं राहिलं. आता एनआयआरएफचा हिशेब बघा. शंभरातले दहा गुण समावेशकतेचे. त्या दहांतले तीन परराज्यांतून आणि परदेशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि गरीब, मागास विद्यार्थ्यांसाठी दोन! कन्नड, सिल्लोड, गंगापूरच्या एसटीनं येणारी मुलगी आपल्या कॉलेजात शिकली तर त्या तीन गुणांत तिची मोजदाद नाही. दिल्लीत बिहार-केरळची मुलं येतात, त्यांची आहे. शिवाय आणखी दहा गुण ‘लोकांत असलेल्या नावा’चे. कंपनीवाल्यांना आणि प्राध्यापकांना विचारून ते देतात. दिल्लीचं मिरांडा हाउस २०१७ ते २०२३ ओळीनं सात वर्षं कॉलेजांत पहिलं होतं, आणि ते मुलींचं कॉलेज आहे याचा मला आनंदच आहे. पण त्याचं नाव ठाऊक नसलेला प्राध्यापक देशात सापडणं कठीण, आणि आपल्या औरंगपुऱ्यातल्या कॉलेजचं नाव ठाऊक असलेला बंगलोरमध्ये सापडणं त्याहून कठीण.

ज्या शहरात विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं लढावं लागलं, घरं जळाली, माणसं गेली, तिथल्या बायकांना कॉलेज आणि राजकारण यांचं नातं मी नव्यानं काय सांगावं? आपल्याला प्रवेश मात्र याच जूनमध्ये घ्यायचा असतो. तेव्हा कामाचं सांगते.

एनआयआरएफच्या संकेतस्थळावर, आणि बहुधा कॉलेजच्याही, त्यांनी भरून दिलेला तक्ता असतो. घरातल्या कुणा मुलाला काढायला सांगा. कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात बहुधा प्राध्यापकांची नावानिशी यादी असते. ती घेऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठा आणि एकेक नाव विचारा. आमच्या पोरीनं आधी एवढं केलं असतं, तर पाटल्या आज हातात असत्या. फलकावर ‘चाळीस लाखांचं पॅकेज’ असेल तर तक्त्यात मध्यक पगार बघा. पाच मुलींतल्या चौघींना दोन-दोन लाखांची नोकरी आणि एकीला बेचाळीस लाखांची मिळाली, तर सरासरी दहा लाख येते. मध्यक म्हणजे ओळीत मधोमध उभी असलेली मुलगी. तिला दोनच लाख मिळतात, आणि आपली लेक बहुतेक तिच्याच आसपास असते.

कॉलेज बघायला साध्या मंगळवारी-बुधवारी जा, त्यांनी बोलावलेल्या दिवशी नको. वसतिगृहाच्या न्हाणीत नळ सोडून बघा. आणि फीचं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय राज्यानं जुलै २०२४ मध्ये घेतला. पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. ‘फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच जागा पक्की करा’ असं कुणी गोडीनं सांगू लागलं, तर पर्स घट्ट धरा.

यंदा जावेच्या धाकट्या मुलीची पाळी आली. थोरलीनं कसंबसं शिक्षण पुरं केलंय, वाळूजला नोकरी करते. तिनंच बहिणीला एका जुन्या कॉलेजात नेलं, भर दुपारी, कुणाला न कळवता. संध्याकाळी मला फोन, “मोठ्या आई, वर्कशॉपात गेलो होतो. लेथवर हात ठेवला तर बोटांना तेल लागलं!” तिचा आवाज असा, जणू बहिणीचा निकालच लागलाय. पाठीमागून जाऊबाई विचारत होत्या, “अगं ते तेलाचं राहू दे, ताईंना विचार ना, नंबर कितवा आहे त्याचा?”