चित्रफीत एकच, शिक्के दोन

एखाद्याला मानसिक आजार आहे असे कळले, की त्याच्याविषयीचे आपले मत बदलते. माणूस तर तोच असतो; मग बदलते काय?

१९७४ साली एलेन लँगर आणि रॉबर्ट एबलसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका मुलाखतीची चित्रफीत मानसोपचार करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवली. काहींना सांगितले, हा नोकरीसाठी आलेला उमेदवार. इतरांना सांगितले, हा रुग्ण. मनोविश्लेषणाच्या पठडीतील तज्ज्ञांना ‘उमेदवार’ बराचसा ठीक वाटला, ‘रुग्ण’ मात्र खूपच बिघडलेला. प्रत्यक्ष वागण्याकडे पाहण्याची सवय असलेल्या वर्तनोपचार तज्ज्ञांच्या मतांत हा फरक अगदी थोडा होता.

म्हणजे शिक्क्याने तज्ज्ञही फसतात. पण निरीक्षणाची शिस्त त्यांना सावरते.

हीच शिस्त आपल्या वर्गातही हवी. एखादी मुलगी नैराश्यावर उपचार घेते हे कळल्यावर तिचे गप्प बसणे, चिडणे, गणित चुकणे, सारे आजाराच्या खात्यावर जमा होऊ लागते. तिचे म्हणणे मग कोणी ऐकतच नाही. म्हणून आम्ही सुचवतो, की ‘ती विचित्र वागते’ असे न म्हणता ‘आज तीन तासांत ती एकदाही बोलली नाही’ अशी नोंद करावी. इतर किती मुले बोलली नाहीत, तेही मोजावे. आणि मग तिलाच विचारावे.