शिवेवरची ओळ

११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईवर दोघे मिळून लेख लिहीत आहेत असं धरू. एकाच्या पडद्यावर डावीकडे ‘फौजा’, ‘लढाई’, ‘तह’ असा आराखडा आहे. ‘फौजा’खाली परशुरामभाऊ पटवर्धन आणि निजामाकडचा रेमंड, तर ‘तह’खाली मराठ्यांच्या स्वाधीन झालेला निजामाचा दिवाण मुशीर-उल्मुल्क. हा आराखडा दाखवणारा एडवर्ड रीम यांचा ‘लिओ’ हा एडिटर एवढ्यावर थांबत नाही. मुशीरची तीच नोंद ‘माणसं’ या मथळ्याखालीही ठेवता येते आणि एकीकडे दुरुस्त केली की दुसरीकडेही बदलते. सहलेखकाला मात्र साधी सलग फाइलच हवी असते. मग ही रचना त्या फाइलीत घालू नये, बाहेरच ठेवावी, असं माझं मत आहे.

फाइलीतच खुणांच्या ओळी पेरल्या, तर कुठली नोंद कुठे सुरू होते याबद्दल शंका उरत नाही. पण सोय एकाची आणि पथ्य सगळ्यांना, असा तो व्यवहार होतो. सहलेखकाने नकळत एखादी खूण पुसली की आराखडा बिघडतो. लिओच्या ‘@क्लीन’ पद्धतीत फाइलीत खुणा नसतात. फाइल वाचताना लिओ आपल्या आराखड्यातून आधीचा मजकूर पुन्हा उभा करतो, डिस्कवरच्या फाइलीशी ओळीओळीने ताडतो आणि झालेले बदल त्या त्या नोंदीत उतरवतो.

हा शेवटी अंदाजच, असा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. ‘लढाई’ची शेवटची आणि ‘तह’ची पहिली ओळ यांच्यामध्ये सहलेखकाने ‘निजामअलीने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला’ असं लिहिलं, तर ती ओळ कुणाची? लढाई तिथे संपली आणि तहाची वेळही तिथेच आली; इतिहासकारही इथे अडखळेल. यंत्राचा कौल चुकला तरी फाइलीतली ओळ जागची हलत नाही. बिघडते ती एकाची खाजगी मांडणी, आणि ती क्षणात सुधारता येते. लिओची आराखड्याची फाइल हरवली तर रचना जाईल, हेही खरं. पण लेख शाबूत राहील, आणि आराखड्याची प्रत जपणं अवघड नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. सहलेखकाने तहाचा अख्खा परिच्छेद उचलून वर नेला, तर तुलनेला तो एकीकडे पुसलेला आणि दुसरीकडे नव्याने लिहिलेला दिसतो. ‘तह’ रिकामा पडतो आणि मजकूर ‘फौजा’त जाऊन बसू शकतो. अशी उलथापालथ करणाऱ्या सहलेखकासोबत, ऑर्ग-मोड या साध्या मजकुरातल्या आराखड्याच्या पद्धतीसारखे, मथळे उघडपणे फाइलीतच लिहावेत. ते त्यालाही वाचता येतात आणि परिच्छेदासोबत हलवताही येतात.